चूल कुणाच्या ताब्यात? बहिष्कार, दुष्काळ आणि आपल्या स्वावलंबनाचा इतिहास

१२ मे २०२० रोजी देशाला 'आत्मनिर्भर' होण्याचा संदेश देण्यात आला. त्याच्या चारच दिवस आधी, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून रेल्वेरुळांवरून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांच्या शिदोरीतल्या चपात्या रुळांवर विखुरल्या होत्या. ही माणसे आळशी नव्हती. त्यांच्या हातात काम नव्हते असेही नाही. पोलादाच्या कारखान्यात राबणारे ते हात होते. कारखाना बंद झाला, मजुरी थांबली, गाड्या बंद होत्या आणि घर शेकडो किलोमीटर दूर होते. अशा माणसाला 'स्वतःच्या पायावर उभा राहा' असे सांगणे म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन काढून घेऊन वर त्यालाच उपदेश करणे आहे.

मात्र त्या दोन वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. वस्त्यावस्त्यांतल्या आपल्या तरुणांनी धान्य गोळा केले, वाटले, शिवणयंत्रावर मास्क शिवले, ऑक्सिजनसाठी धावाधाव केली. त्यातून एक प्रश्न आता वारंवार पुढे येतो. उद्या पुन्हा असा काळ आला तर आपले घर किती दिवस टिकेल? घरात धान्य किती असावे, ते कसे टिकवावे, कोणते हुन्नर घरातल्या प्रत्येकाला यायला हवेत? हे आंबेडकरी चळवळीचे प्रश्न आहेत की फावल्या वेळात गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांचे?

यावर आपल्यातच दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. एक गट म्हणतो, ही हातकामाची भाषा म्हणजे पुन्हा जातीच्या धंद्यात ढकलण्याचा डाव आहे. आपण शिकायचे आणि साहेब व्हायचे. दुसरा गट म्हणतो, शहराने आपल्याला फसवले, खेड्यात परत चला, जुने जगणेच चांगले होते. आम्हाला ही दोन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीवर उतरताना दिसत नाहीत. कठीण काळात घर टिकवण्याची विद्या आपल्याला हवीच आहे, आणि ती आपल्या चळवळीला परकी नाही. पण ती विद्या कुणाच्या हुकमाखाली वापरायची आणि तिची साधने कुणाच्या मालकीची, हा प्रश्न सोडून दिला तर तीच विद्या गुलामगिरीचे साधन होते.

आपला कठीण काळ कोणता?

शाळेच्या पुस्तकात कठीण काळ म्हणजे दुष्काळ, महापूर, प्लेग, युद्ध. हे सगळे आपल्या वाट्याला इतरांपेक्षा जास्तच आले. पण आपल्या घरांवर आणखी एक काळ येत असे. तो आभाळातून येत नसे, गावच्या चावडीवरून येत असे. त्याचे नाव बहिष्कार.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. त्यात बहिष्काराबद्दल जे लिहिले आहे ते आज प्रत्येक तरुणाने समजून घ्यावे असे आहे. समितीने नोंदवले की बहुतेक ठिकाणी अस्पृश्यांना आर्थिक स्वातंत्र्यच नव्हते. काही जण सवर्णांची जमीन त्यांच्या मर्जीवर कसत, काही त्यांच्या शेतावर मजुरी करत आणि उरलेले गावकीच्या चाकरीबद्दल मिळणाऱ्या धान्यावर किंवा भाकरीवर जगत. म्हणून त्यांनी एखादा हक्क बजावला की हीच सत्ता हत्यारासारखी चालवली जाई. जमीन काढून घ्यायची, काम बंद करायचे, चाकरीचा मोबदला थांबवायचा, नेहमीच्या वाटेवरून जाऊ द्यायचे नाही, गावच्या वाण्याने मीठमिरचीसुद्धा विकायची नाही. आणि कारण काय? कधी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले. कधी जमिनीचा तुकडा विकत घेतला. कधी नुसते चांगले कपडे घातले, दागिना घातला किंवा नवरदेव घोड्यावर बसवला.

लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या संरक्षणाची मागणी करताना बाबासाहेबांनी याच अहवालाचा आधार घेतला आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असा आग्रह धरला. त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. लाठीचा मार एका दिवसाचा असतो, बहिष्कार माणसाला त्याच्याच चुलीपाशी गाठतो. घरातले शेवटचे मापटे संपले की बाप पाटलाच्या दारात जाऊन हात जोडतो, आणि विहिरीवर मिळवलेला हक्क तिथेच संपतो.

म्हणजे 'घर किती दिवस टिकेल' हा प्रश्न आपल्यासाठी फक्त पोटाचा नव्हता. जे घर महिनाभर टिकू शकते ते महिनाभर 'नाही' म्हणू शकते. ज्या घरात उद्याची भाकर नाही त्याचा 'नाही' संध्याकाळपर्यंतच टिकतो.

विद्या होती, मालकी नव्हती

आपल्या आज्या-पणज्यांना टिकाव धरण्याची विद्या येत नव्हती असे कोण म्हणेल? सुगी संपल्यावर शेतात राहिलेली कणसे वेचणे, म्हणजे सरवा वेचणे. खळ्यावरचे मातेरे पाखडून त्यातून दाणे काढणे. पावसाळ्यात टाकळा, घोळ, पाथरी, तांदुळजा ओळखून आणणे. डाळीला राख चोळून आणि धान्यात कडुनिंबाचा पाला घालून ते किडीपासून राखणे. फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवणे. एका मडक्यात पीठ, एकात मीठ अशी उतरंड रचून आठवड्याचा हिशेब डोक्यात ठेवणे. हे सगळे शास्त्रच होते, आणि ते मुख्यतः बायांच्या हातात होते. कोणत्या शाळेने त्यांना ते शिकवले नाही, कोणत्या पुस्तकाने त्यांचे नाव घेतले नाही.

मांस टिकवण्याची विद्या त्यातच येते. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरांत मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवत, त्यांना चान्या म्हणत. पुढे कित्येक दिवस तेच कोरड्यास लागे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकाने हे सगळे स्वयंपाकघर पहिल्यांदा ठसठशीतपणे मराठी वाचकापुढे मांडले. सवर्णाच्या घरात उन्हात घातलेले पापड-कुरडया हे 'वाळवण' ठरले आणि आपल्या दारातली वाळवणे मात्र विटाळ ठरली. टिकवण्याची क्रिया तीच, ऊन तेच. फरक जातीचा.

पण म्हणून आम्ही त्या काळाचे गोडवे गाणार नाही. कारण ही विद्या भुकेने शिकवली होती आणि तिच्यावर हुकूम दुसऱ्याचा होता. महार वतन हे त्याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण. नावाला वतनाची जमीन, पण बदल्यात गावाची आणि सरकारची चाकरी दिवसरात्र, आणि ती एकट्याची नव्हे तर घरादाराची. बापाला सांगावा आला आणि तो घरी नसला तर मुलाने जायचे. पोटाला बलुते, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. आपल्यातल्याच काहींना तेव्हा वाटले, हातचे वतन गेले तर खायचे काय? बाबासाहेबांचे म्हणणे असे की हे वतनच आपल्याला दुसरे काही करू देत नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

मेलेले जनावर ओढण्याच्या बाबतीतही हाच वाद झाला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली. त्यांनी हे काम सोडायला सांगितल्यावर 'केसरी'त हिशेब मांडला गेला होता, की कातडे, शिंगे, हाडे यांतून महारांना मिळणारे उत्पन्न बुडेल. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते. इतका फायदा असेल तर तुम्हीच हे काम करा आणि तो फायदा घ्या. एकही जण पुढे आला नाही. धंद्यात खरा नफा असता तर जातीची सक्ती लागलीच नसती.

याच्या उलट एक घर पाहा. उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली आले. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या. कोकणात महारांच्या घरांत हे विणकाम चाले. वडील शिक्षक होते, ते लवकर गेले आणि त्यानंतर आईने टोपल्या विणून मुलांना वाढवले आणि शिकवले. इथे हुन्नर तोच, जातीने वाट्याला दिलेला. पण त्या आईने तो आपल्या मुलांना शाळेत टिकवण्यासाठी वापरला. वडिलांनी गावात न ठेवता मुलांना शिक्षणासाठी रत्नागिरीजवळ आणले होते, तो निर्णय तिने टोपल्यांच्या पैशावर तडीस नेला. हुन्नर मुक्तीच्या कामी येतो की नाही, ते त्याच्या टोकाला काय आहे यावर ठरते. टोकाला चावडी असेल तर ती वेठ, टोकाला शाळा असेल तर ती शिडी.

जे हुन्नर शिकू दिले नाहीत

एकीकडे काही कामे आपल्यावर लादली गेली, दुसरीकडे काही कामे आपल्याला शिकूच दिली नाहीत. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणकाम खाते चांगल्या पगाराचे होते. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे आणि त्याने स्पृश्य कामगार 'बाटले' असते. म्हणजे विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणणाऱ्या समाजाचा माणूस मुंबईच्या गिरणीत मागावर बसू शकत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कौशल्य नसल्यामुळे माणूस गरीब राहतो असे अर्थशास्त्राचे पुस्तक सांगते. कौशल्य असूनही जात त्याला यंत्राजवळ येऊ देत नाही, हे त्या गिरणीने दाखवले.

महात्मा फुल्यांनी हे आधीच ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत अशी मागणी केली. मुलाला कारकून बनवणारे शिक्षण पुरेसे नाही, त्याच्या घराला उपयोगी पडणारे ज्ञानही द्या, असा तो आग्रह होता. त्यांच्यासाठी हा कागदी विचार नव्हता. पाच वर्षांपूर्वीच, १८७६-७७ च्या दुष्काळात, सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे चालवली होती आणि धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम उभारला होता. सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात गावे सोडून जाणारी माणसे आहेत, अडलेल्यांना नाडणारे सावकार आहेत आणि मदतीला उभे राहिलेले सत्यशोधक आहेत. आपल्या परंपरेत संकटाची तयारी अशी दिसते. दाराला कडी लावून एकट्याने धान्य साठवण्याचा धडा त्यात नाही. शिजवणारे, वाटणारे, हिशेब ठेवणारे, मुलांना सांभाळणारे हात आधीपासून संघटित होते, म्हणून दुष्काळात ते कामी आले.

१९७२ ने काय शिकवले?

आता महाराष्ट्रातल्या त्या दुष्काळाकडे येऊ, ज्याची आठवण अजून घराघरांत आहे. १९७२ मध्ये पाऊस गेला. विहिरी आटल्या. ज्याला शेत होते त्याच्या कणगीतही दाणा राहिला नाही. खेडे स्वयंपूर्ण असते या कल्पनेचा त्या वर्षी चुराडा झाला. लोक जगले ते परदेशातून आलेल्या लाल मिलोवर, सुकडीवर आणि दुष्काळी कामांच्या मजुरीवर. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते. त्यात भूमिहीन दलित होते आणि काल ज्यांच्या शेतावर ते राबत होते ते शेतकरीही होते.

त्या दुष्काळाची तुलना १८७७ शी करून पाहा. तेव्हा सर रिचर्ड टेम्पल यांनी मदतकामावरच्या मजुराचे दिवसाचे धान्य एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी प्रमाणावर आणले होते. दख्खनमधल्या मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडून निषेध केला. माणसे लाखांनी मेली. १९७२ मध्ये तसा संहार झाला नाही. कारण मधल्या काळात माणसे जास्त काटकसरी झाली होती असे नव्हे. मधल्या काळात मताचा अधिकार आला होता, रस्त्यावर उतरणाऱ्या संघटना आल्या होत्या, सरकारला जाब विचारता येत होता. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. पुढे २००५ साली देशपातळीवरचा कायदा आला तो याच अनुभवाच्या पायावर.

याचा अर्थ भूमिहीनाच्या घरासाठी काय? ज्याच्या घरची मजुरी पाटलाच्या शेताशिवाय दुसरीकडे मिळू शकते, त्याच्यावर बहिष्काराची धार कमी चालते. रोजगार हमीचा खड्डा खणणारी बाई गावच्या मालकाला 'यंदा तुझ्या शेतावर येत नाही' असे म्हणू शकली. घराच्या तयारीत मडक्यातल्या दाण्याइतकाच हा कायदाही मोजायला हवा.

त्याच १९७२ साली इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलित वस्तीवर बहिष्कार टाकला गेला आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आभाळाचा दुष्काळ आणि गावाचा दुष्काळ असे दोन्ही एकाच वर्षात आपल्या माणसांनी सोसले.

मिसिसिपीतली डुकरांची बँक

पँथरने नाव घेतले अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या लढ्यातून. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली होती तीही तिथल्या गुलामीविरोधी लोकांना. म्हणून तिथले एक उदाहरण इथे सांगणे अस्थानी नाही. आपल्या बहिष्काराशी ते तंतोतंत जुळते.

फॅनी लू हेमर ही मिसिसिपी राज्यातल्या सनफ्लॉवर काउंटीत कापसाच्या मळ्यावर राबणारी बाई. १९६२ मध्ये ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली आणि मळ्याच्या मालकाने तिला तिथून हाकलले. १८ वर्षांचे काम आणि राहते घर, दोन्ही गेले. त्याच हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर काउंटीत काळे लोक मतदार नोंदणी करू लागले तेव्हा तिथल्या प्रशासनाने गरिबांना वाटले जाणारे सरकारी धान्य बंद केले. स्टार्ट समितीने वर्णन केलेला वाणी आणि मिसिसिपीचा हा कारभारी यांच्यात फरक काय?

हेमरने यातून धडा घेतला. ज्याचे जेवण मालकाच्या हातात, त्याचे मतही मालकाच्या हातात. १९६९ मध्ये तिने फ्रीडम फार्म नावाची सहकारी शेती सुरू केली. सुरुवात ४० एकरांपासून. त्यात भाजीपाला पिकवायचा आणि काम करणाऱ्या घरांनी तो न्यायचा. त्याला जोडून डुकरांची बँक. एका कुटुंबाला गाभण डुकरीण द्यायची, पिल्ले त्या कुटुंबाने वाढवायची आणि त्यातली काही बँकेला परत करायची, म्हणजे ती पुढच्या घराला देता येतील. भाज्या हवाबंद बरण्यांत भरून ठेवणे, मांस टिकवणे हे हुन्नर बायांना येतच होते. आता ते मालकाच्या कोठीसाठी वापरायचे नव्हते, आपल्या मतासाठी वापरायचे होते. पैशाची चणचण आणि निसर्गाचे तडाखे यांमुळे १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर ही शेती टिकली नाही. त्यातला धडाही आपण घ्यायला हवा. भांडवल आणि जमिनीची पक्की मालकी नसेल तर उत्तमातला उत्तम प्रयोगही काही वर्षांत थकतो.

बाबासाहेबांचे उत्तर

काही जण म्हणतील, बाबासाहेब तर यंत्रयुगाचे आणि शहराचे पुरस्कर्ते, त्यांचा या घरगुती स्वावलंबनाशी काय संबंध? पहिली गोष्ट खरी आहे. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखवले की शेतीचे दुखणे तुकड्यांच्या आकारात नाही, भांडवलाच्या अभावात आणि शेतीवर साचलेल्या जास्तीच्या माणसांत आहे, उपाय औद्योगिकीकरण. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्यांच्या गौरवाची कल्पना झिडकारली. ज्यांना खेडे स्वयंपूर्ण दिसले त्यांना ते महारवाड्याच्या फुकट चाकरीवर स्वयंपूर्ण होते, हे दिसले नव्हते.

पण याच बाबासाहेबांनी १९-२० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत काय सांगितले? मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार फिरू नका आणि शेतीकडे वळा, त्यासाठी जंगलच्या पडीक जमिनी मागा. म्हणजे ज्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी हातात घ्यायचे, त्याच परिषदेत घरची भाकर स्वतःची कशी करायची हेही सांगितले गेले. हक्क आणि भाकर एकत्र बांधल्याशिवाय दोन्ही टिकणार नाहीत हे त्यामागचे गणित. आणि तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा मंडपातले अन्न मातीत मिसळले गेले. विरोधकांनाही हे गणित ठाऊक होते.

पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. एकेक घर कितीही तयार असले तरी विहीर, वाट आणि वाणी गावाच्या ताब्यात असेपर्यंत ते हरणार, हा त्यामागचा विचार. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती सामूहिकपणे कसण्याची योजना मांडली. बाबासाहेबांच्या पश्चात दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह केले. आपल्या बायाबापड्यांनी तुरुंग भरले ते जमिनीच्या तुकड्यासाठी, म्हणजेच स्वतःच्या चुलीसाठी.

मग आज काय शिकायचे?

आज महाराष्ट्रात आपली बहुसंख्य तरुण मंडळी मजुरी, कंत्राटी नोकरी, डिलिव्हरी, ड्रायव्हिंग, छोटे दुकान यांवर जगतात. एका महिन्याचा पगार चुकला की घर डळमळते. आजारपण, पूर, टाळेबंदी, कंत्राट संपणे आणि अनेक गावांत अजूनही बहिष्कार. म्हणून वस्तीपातळीवर काही गोष्टी ठरवून शिकाव्यात असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, महिन्याचे धान्य. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. हा हक्क आहे, उपकार नाही. शिधापत्रिकेवर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का, ते आजच पाहा. गावातला दुकानदार अडवत असेल तर दुसऱ्या दुकानातूनही धान्य उचलता येते, हे बहिष्काराच्या वेळी फार मोलाचे आहे. आलेले धान्य कडक उन्हात वाळवा; दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. मग ते घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उचलून ठेवा. आधीचे आधी वापरा. आजीला कडुनिंबाच्या पाल्याचे आणि राखेचे विचारा आणि लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, शरीर सांभाळण्याची विद्या. जुलाब लागलेल्या लेकरासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येक घरातल्या पुरुषालाही पाठ हवे. रक्त थांबवणे, भाजल्यावर गार पाण्याखाली धरणे, साप चावल्यावर मांत्रिकाकडे न नेता दवाखान्यात पोहोचवणे, हे बुद्धविहारात एका रविवारी शिकवता येते.

तिसरी गोष्ट, यंत्राचे हुन्नर. वायरिंग, नळजोडणी, मोटार दुरुस्ती, शिलाई, सौर दिव्याची जोडणी. आयटीआय शिकलेला प्रत्येक तरुण वस्तीतल्या पाच जणांना शिकवू शकतो, आणि त्यात मुली निम्म्या असायलाच हव्यात. ज्या मागापासून आपल्याला दूर ठेवले गेले, त्याच्या आजच्या नातवंडांवर आपला हात बसला पाहिजे. गटार आणि मैला मात्र यात नाही. तो हुन्नर नाही, ती सक्ती आहे, आणि ती मोडायचीच आहे.

चौथी गोष्ट, कागद आणि पैसा. जातीचा दाखला, सातबारा, बँकेची पुस्तके यांच्या प्रती पुराच्या पाण्यातही वाचतील अशा पिशवीत. बचत गटात दरमहा थोडी रक्कम, आणि तिच्यावर घरातल्या बाईचा हक्क. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे. बाबासाहेबांनी लंडनमध्ये मागितलेले संरक्षण आज कायद्यात आहे. तक्रार कशी लिहायची, कुणाकडे द्यायची, हेही एक घरगुती कौशल्यच समजा.

आणि पाचवी गोष्ट, या सगळ्याची वही. वस्तीत कोणाला काय येते, कोणाकडे शिवणयंत्र आहे, कोणाची रिक्षा आहे, कोण परिचारिका आहे, कोणाच्या घरात म्हातारे एकटे आहेत. एकट्या घराची तयारी आठ दिवस पुरते, वस्तीची तयारी लढा संपेपर्यंत पुरते.

यातले एकही काम जमिनीच्या, रोजगाराच्या, शिक्षणाच्या लढ्याची जागा घेऊ शकत नाही. तसे जो सांगेल तो आपल्याला पुन्हा उतरंडीशी बसवू पाहतो. पण ते लढे लढताना मोर्चाहून घरी आल्यावर चूल पेटली पाहिजे, आणि ती पेटवण्यासाठी कुणाच्या दारात विस्तव मागायला जावे लागू नये. एवढ्यासाठी ही विद्या शिकायची. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर थांबा आणि ती वही सुरू करा.

जय भीम!